सौदा फिसकटला तर

पोरी, यंदा तुम्हा अर्थशास्त्रवाल्यांना खासगी कायद्याचा पेपर आहे म्हणालीस आणि पुस्तक कुठलं घेऊ असं विचारलंस. पुस्तक नंतर घे. आधी भारतीय करार अधिनियम, १८७२ चा बेअर अ‍ॅक्ट आण. पातळ असतो, एका आठवड्यात वाचून होईल. वाचताना कलमाखालचे दाखले मात्र गाळू नकोस. वकिलीला आलेली मुलंसुद्धा ते गाळतात आणि मग आमच्यासमोर उभं राहून कलम पाठ म्हणून दाखवतात.

कलम ७३ खालचा एक दाखला घे. माझी गिरणी या यंत्रावाचून बंद पडली आहे, असं सांगून एकाने वाहतूकदाराकडे यंत्र सोपवलं. वाहतूकदाराने विनाकारण उशीर केला. दरम्यान गिरणीवाल्याचं एक फायद्याचं सरकारी कंत्राटही हुकलं. कायदा म्हणतो, बंद काळातला सरासरी नफा भरून मिळेल, सरकारी कंत्राटाचा तोटा मिळणार नाही. का? कारण गिरणी बंद असल्याचं वाहतूकदाराला सांगितलं होतं, कंत्राटाचं नाही. हे तत्त्व इंग्लंडातल्या १८५४ सालच्या हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल खटल्यातून आलं. तिथेही गिरणीच होती, ग्लॉस्टरची. तेव्हा ज्या उशिराने तुला मोठा फटका बसणार असेल, त्याची कल्पना समोरच्याला आधी दे आणि लेखी दे. तो कदाचित भाव वाढवून मागेल. मागू दे. जोखीम कळल्यावर तिची किंमत लावायची, हे तुम्हीच तर शिकता.

दोघांना परवडलं की सौदा झाला, इथे तुमचं अर्थशास्त्र बहुतेक वेळा थांबतं. तो फिसकटला की पक्षकार आमची पायरी चढतो. तिथे तोटा कुणाच्या अंगावर पडणार हा एक प्रश्न, आणि सिद्ध कुणी करायचं हा दुसरा. तुमच्या आलेखात हा दुसरा कुठे दिसत नाही, पण निम्मे दावे त्याच्यावरच बुडतात.

जमिनीचा व्यवहार घे. ३० लाखांना ठरला, ५ लाख विसार दिला, साठेखत झालं. सहा महिन्यांत भाव ४५ लाखांवर गेला आणि तिसरा एकजण ५० द्यायला तयार झाला. तुमचे प्राध्यापक सांगतील, मालकाने तिसऱ्याला विकावी, पहिल्याचा विसार परत करून वर १५ लाख भरपाई द्यावी; मालकाच्या हातात ३५ उरतात, पहिल्याचं नुकसान भरून निघतं, तिसऱ्याला जमीन मिळते. कागदावर सगळे खूश. आपला कायदा मात्र जमिनीच्या बाबतीत पैशांवर भागवून घ्यायला कधीच फारसा राजी नव्हता. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ खाली पहिला खरेदीदार म्हणू शकतो, मला भरपाई नको, जमीनच द्या. पूर्वी ते देणं न देणं न्यायालयाच्या विवेकावर होतं. २०१८ च्या दुरुस्तीनंतर कायद्यातल्या अटी पुऱ्या झाल्या की ते द्यावंच लागतं. ही दुरुस्ती मला पटते. बाजारभाव किती, हे ठरवण्यात साक्षीदारांच्या उलटतपासण्यांत वर्षं जातात. तुमच्या गणितात तो खर्च शून्य धरलेला असतो.

पण त्या अटींत एक मेख आहे. बाकीची रक्कम द्यायची आपली तयारी आणि इच्छा पहिल्यापासून होती, हे वादीने सिद्ध करायचं. नुसतं ‘मी तयार होतो’ म्हणून भागत नाही. उरलेले २५ लाख कुठून उभे राहणार होते? पासबुक, बँकेचं कर्ज मंजुरीचं पत्र, दुसरी मिळकत विकल्याचा कागद, काहीतरी पुढे यावं लागतं. आणि साठेखत नोंदवून घ्यायचं. साठेखताने मालकी येत नाही, ती नोंदणीकृत खरेदीखतानेच येते. पण पहिल्या कराराची खबर नसताना प्रामाणिकपणे पैसे मोजून जमीन घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला कायदा संरक्षण देतो. साठेखत नोंदलेलं असलं की त्याला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणणं अवघड जातं. माहिती सार्वजनिक करायची फी म्हणजे नोंदणी, असं समज.

उलट भाव पडला आणि खरेदीदारच फिरला, तर? मालक म्हणतो, दिलेलं सगळं जप्त. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास हा १९६३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा त्यासाठी मुळातून वाच. दिल्लीतल्या बंगल्याचा सौदा होता. १,००० रुपये विसार आणि नंतर आणखी २४,००० दिलेले. मालकाला नुकसान दाखवता आलं नाही. न्यायालयाने हजार ठेवू दिले, चोवीस हजार नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ चा सगळा जीव त्यात आहे: करारात दंडाचा आकडा कितीही लिहा, तो वरची मर्यादा ठरतो, हक्काची रक्कम नव्हे. आपल्याकडच्या विसार पावत्यांत ‘करार मोडल्यास दुप्पट रक्कम परत’ असं हौसेने लिहितात, त्यालाही हेच लागू.

आता तुझ्या खोलीचं. घरमालक म्हणतात ना, अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी पुरे? पुरे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी मालकावर. नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोंदणी ज्याच्या हातात, पुराव्याचं ओझंही त्याच्यावर. तुमच्या प्रोत्साहनांच्या प्रकरणात घालण्यासारखं कलम आहे. हेही लक्षात ठेव, की लायसन्सची मुदत संपून राहिलीस तर दुप्पट भाडं लागू शकतं.

जामीन राहू नकोस. मैत्रिणीला, मामेभावाला, कुणालाही. करार अधिनियमाच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. बँकेने आधी त्याच्या मागे लागावं आणि मग आपल्याकडे यावं, असा कायदा नाही. सहीसाठी जो येतो तो ‘नुसती फॉर्मॅलिटी आहे’ असंच म्हणतो.

अपघाताच्या भरपाईत तर तुमचंच गणित आहे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) हे दोन निवाडे काढ. महिना २० हजार मिळवणारा, बत्तिशीचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस गेला. मागे बायको आणि दोन मुलं. वर्षाचे २,४०,०००. भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून ३,३६,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, राहिले २,२४,०००. त्या वयाचा गुणक १६, म्हणजे ३५,८४,०००. आता बघ, तो अजून अठ्ठावीस वर्षं सहज कमावता. मग गुणक १६ का? एकरकमी मिळणाऱ्या पैशावर व्याज मिळतं आणि आयुष्याची खात्री नसते, हे दोन्ही त्या सोळात मुरलेलं आहे. कुठला सूट-दर त्यात दडलाय ते तू काढून बघ. मला कधी सवड झाली नाही.

उसनवारीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं. ती संपायच्या आत देणेकऱ्याकडून सहीनिशी देणं कबूल असल्याचं पत्र घेतलं तर तिथून नवी तीन वर्षं. तोंडी ‘देतो की’ला काही अर्थ नाही.

शेवटी हुकूमनामा मिळतो, पैसे मिळत नाहीत. त्यासाठी दरखास्त करावी लागते, तिला बारा वर्षांची मुदत. तेव्हा दावा लावण्याआधीच समोरच्याच्या नावावर काय आहे ते बघ: सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, त्यावरचे बोजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्त न होणाऱ्या गोष्टींची यादी आहे. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धर्माप्रमाणे बाईला अंगावरून काढता येत नाहीत असे दागिने, शेतकऱ्याची अवजारं आणि राहतं घर, कारागिराची हत्यारं, पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश. सावकार एवढं व्याज का लावतो यावर तुला निबंध लिहायचा असेल, तर ही यादी समोर ठेवून लिही.