जांभळा व्हर्बेना : एकदा लावा, अनेक हंगाम फुले घ्या

हिवाळ्यात बागेच्या वाफ्यांतून आणि रोपवाटिकेच्या कुंड्यांतून व्हर्बेनाचे जांभळे झुपके आपण पाहतो. उन्हाळ्यात फुले कमी झाली की झाडे उपटली जातात आणि पावसाळा संपताच पुन्हा नवीन रोपे विकत आणली जातात. वास्तविक जांभळ्या फुलांच्या काही जाती मूळच्या बहुवर्षायू आहेत. मुळाशी पाणी साचल्यास मात्र त्या टिकत नाहीत. म्हणून पावसाळ्यातील निचरा सांभाळणे हेच या पिकाचे मर्म आहे.

जातींची निवड
बाजारात पाकिटातून मिळणारा मिश्र रंगांचा संकरित व्हर्बेना बहुधा एका हंगामापुरताच लावतात. टिकाऊ लागवडीसाठी दक्षिण अमेरिकेतील पुढील तीन जाती विचारात घ्याव्यात.

१) व्हर्बेना रिजिडा : उंची ३० ते ६० सें.मी. पाने खरखरीत व दातेरी. मुळे कंदासारखी जाड असल्याने पाण्याचा ताण चांगला सहन करते.
२) व्हर्बेना टेन्यूसेक्टा : जमिनीलगत पसरणारी, बारीक कातरलेल्या पानांची जात. उतार किंवा वाफ्याची कड झाकण्यास उत्तम.
३) व्हर्बेना बोनारिएन्सिस : एक ते दीड मीटर उंच, चौकोनी खोडाची. फुलांवर फुलपाखरे भरपूर येतात. मात्र बी सांडून ती आपोआप पसरते. काही देशांत ती तण ठरली आहे. त्यामुळे शेताच्या बांधावर लावू नये आणि बी धरण्यापूर्वी तुरे कापावेत.

जमीन व लागवड
दिवसातून किमान सहा तास ऊन मिळणारी जागा निवडावी. सावलीत फुले कमी येतात व भुरीचा उपद्रव वाढतो. हलकी ते मध्यम, उत्तम निचऱ्याची जमीन योग्य. भारी काळ्या जमिनीत वाळू व चांगले कुजलेले शेणखत मिसळून २० ते ३० सें.मी. उंचीचे गादी वाफे करावेत. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लागवड करावी. दोन झाडांत ३० सें.मी., उंच जातीसाठी ४५ सें.मी. अंतर ठेवावे. नत्र बेताने द्यावे, नाहीतर पालाच माजतो.

अभिवृद्धी
बियांची उगवण सावकाश होते. तिला दोन ते चार आठवडे लागू शकतात. बी पातळ मातीने झाकावे, ओल बेताची ठेवावी. जास्त पाण्याने बी कुजते. त्यापेक्षा फाटे कलम सोपे. फुले नसलेल्या कोवळ्या शेंड्यांचे ७ ते १० सें.मी. लांबीचे तुकडे घेऊन खालची पाने काढावीत व ओलसर वाळूत सावलीत लावावेत. साधारण दोन-तीन आठवड्यांत मुळे फुटतात. रिजिडा जातीची गड्डे फोडूनही वाढ करता येते.

वर्षभराची निगा
नवीन रोपांना नियमित पाणी द्यावे. रोपे रुजल्यावर मातीचा वरचा थर सुकला की मगच पाणी द्यावे. सुकलेले तुरे कापत राहिल्यास नवे फुटवे येतात.

मे अखेरीस झाडाची एक तृतीयांश छाटणी करावी, परंतु जमिनीलगत कापू नये. वाफ्याभोवती चर काढून पावसाचे पाणी बाहेर काढावे. खोडाशी ओला पालापाचोळा साचू देऊ नये. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात मातृवृक्ष कुंड्यांत घेऊन पत्र्याच्या किंवा वळचणीच्या आडोशाला ठेवावेत. सप्टेंबर अखेर हलकी छाटणी, खुरपणी करून शेणखत द्यावे. दोन-तीन वर्षांनी झाडे मधून विरळ होतात. तेव्हा फाटे कलमांनी वाफा नवा करावा.

कीड व रोग
भुरी दिसताच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्यात २० ग्रॅम या प्रमाणात सकाळी किंवा सायंकाळी फवारावे. कडक उन्हात फवारल्यास पाने करपतात. मावा व पांढऱ्या माशीसाठी ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. उन्हाळ्यात पानांच्या खालच्या बाजूस लाल कोळी आहे का, हे पाहत राहावे.

रोपवाटिका चालवणाऱ्यांनी दर पावसाळ्यापूर्वी प्रत्येक जातीची थोडी फाटे कलमे आडोशाला जरूर ठेवावीत. वाफ्यातील झाडे अतिवृष्टीने गेली तरी सप्टेंबरात विक्रीची रोपे घरचीच तयार होतील.