पगारातले दोनशे रुपये आणि आजीची खडी

प्रश्न : माझ्या पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत 300. आजी म्हणते, हे पैसे आमच्या दुष्काळी कामाला जायचे. तिने तिथे खडी फोडली आहे. हे खरे आहे का? आणि कासेगावच्या गेल ऑम्व्हेट यांनी अशा कामांचाच अभ्यास केला होता का?
– एक वाचक, विटा

उत्तर : आजींचे म्हणणे खरे आहे, फक्त त्यांनी खडी कोणत्या साली फोडली ते विचारावे लागेल. त्याकडे शेवटी येतो.

व्यवसाय कर महाराष्ट्रात 1975 साली आला, तोच मुळी रोजगार हमी योजनेसाठी. नोकरदाराने आणि धंदेवाल्याने वर्षाला थोडे पैसे द्यायचे, राज्य सरकारने त्यात तेवढीच भर घालायची आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम द्यायचे. शहराने खेड्याच्या मजुरीसाठी कायद्याने हात सैल करावा, ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते. आपल्या पगारपत्रकातली ती ओळ तिथून आली आहे.

योजना मात्र आपल्या मातीतली. वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे सभापती असताना त्यांनी 1965 च्या सुमारास आपल्याच भागात तिचा पहिला प्रयोग करवला. 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम; पंधरा दिवसांत दिले नाही तर बेकारभत्ता, मग तो दिवसाला रुपया का असेना. काम मागणे हा हक्क झाला. दिल्लीने असा कायदा करायला 2005 साल उजाडले. त्यात कुटुंबामागे 100 दिवसांची मर्यादा होती, आपल्या कायद्यात ती नव्हती.

पण काम कोणते? खडी फोडणाऱ्या बाईला विचारा. बोटांना चिंध्या गुंडाळून उन्हात बसायचे, डाव्या हाताने दगड धरायचा, उजव्या हाताने हातोडी मारायची. डोळ्यात कपची जाईल म्हणून मान वळवून घाव घालायचा. संध्याकाळी ढिगाचे माप, आणि मापाप्रमाणे पैसे. घरात चूल पेटायची. पाऊस दडी मारायचा, की पुन्हा तोच ढीग.

इथेच तुमचा दुसरा प्रश्न येतो. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या, समाजशास्त्राच्या अभ्यासक. सत्यशोधक आणि ब्राह्मणेतर चळवळीवर त्यांनी बर्कलेच्या विद्यापीठात प्रबंध लिहिला (1973). 1976 मध्ये चळवळीतले कार्यकर्ते डॉ. भारत पाटणकर यांच्याशी लग्न झाले. कासेगाव हेच त्यांचे घर झाले आणि 25 ऑगस्ट 2021 रोजी तिथेच त्यांनी डोळे मिटले. शेतमजूर बायांचे काम, त्यांची मजुरी, त्यांचे लढे हा त्यांच्या लेखनाचा मोठा भाग आहे. मात्र लांबून प्रश्नावली पाठवून अभ्यास करणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. ज्या चळवळींबद्दल लिहिले, त्यांतच त्या राहिल्या. माझ्या मते त्यांच्या लिखाणाचे वजन त्यातच आहे.

तुमच्याच खानापूर तालुक्यातली गोष्ट बघा. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. सातारा-सांगलीकडचे कितीतरी गिरणीकामगार गावी परतले, आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. संघटना, सभा, मागणीपत्र यांची सवय असलेली ही माणसे रोजगार हमीच्या कामावर आली. मुक्ती संघर्ष चळवळ इथे उभी राहिली, पाटणकर आणि ऑम्व्हेट तिच्यात होते. मजुरी वेळेवर द्या, ही मागणी होतीच. त्यापुढे जाऊन लोक विचारू लागले : आम्ही राबतो ते दुष्काळ हटवण्यासाठी का नको? खडीऐवजी पाणी अडवण्याचे काम का नको?

त्यातून येरळेवर बलवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी धरण बांधले. येरळा उगम पावते खटाव तालुक्यात आणि कृष्णेला मिळते सांगली जिल्ह्यात. पात्र बहुतेक वर्षभर कोरडे, आणि त्यातली वाळू ठेकेदार उपसून नेत. लोकांनी ठरवले, थोडी वाळू आपणच विकू आणि त्या पैशातून धरण बांधू. परवानगीसाठी भांडावे लागले. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने साथ दिली, मुंबईहून तरुण श्रमदानाला आले. पाण्याचा वाटा भूमिहीनालाही, हे तत्त्व त्यात होते. जमीन नाही म्हणून पाणी नाही, हा हिशेब लोकांनी मोडला. धरणाला नाव दिले बळीराजा स्मृती धरण. ज्या सत्यशोधक परंपरेवर ऑम्व्हेटनी तरुणपणी प्रबंध लिहिला, त्या परंपरेतला फुल्यांचा बळीराजा असा येरळेच्या पात्रात भेटला.

आता आजींचे साल. कामावर सुकडी मिळायची आणि घरात मिलोच्या भाकरी व्हायच्या, असे त्या सांगत असतील तर ते 1972 चे दुष्काळी काम. तेव्हा व्यवसाय कर नव्हता, पैसा सरकारच्या दुष्काळ निवारणाचा होता. पण शेजारी संपावरून आलेला कुणी गिरणीकामगार बसायचा आणि दुपारच्या सुटीत तो सभा घ्यायचा, असे आठवत असेल, तर ते 1982 च्या संपानंतरचे. मग त्या ढिगाच्या मजुरीत कुणातरी नोकरदाराच्या पगारातून कापलेले पैसे होते.