बोलीसंग्रहाचे जतन : डिस्कची जोडणी फसल्यास

प्रास्ताविक

बोलींचे ध्वनिमुद्रण कसे करावे हे आपण मागील घटकात पाहिले. आता त्या मुद्रणांच्या जतनाचा विचार करू. नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत मराठी तेलुगूच्या शेजारी नांदते. लातूरमधील उदगीर, निलंगा भागात तिला कन्नडचा सहवास आहे. १९४८ पर्यंतच्या निजामी राजवटीमुळे उर्दू-दखनीचा ठसाही तिच्यावर उमटला आहे. अशा बोलीतील एखाद्या वृद्ध निवेदकाचे मुद्रण हरवले, तर ते पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून हा संग्रह ज्या सर्व्हरवर ठेवला जातो, त्याची भाषाही आपणांस थोडीबहुत वाचता आली पाहिजे.

‘माउंट’ म्हणजे काय?

बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेली युनिक्स आणि तिच्या वळणावर घडलेली लिनक्स या प्रणालींत सर्व फोल्डरांचा एकच वृक्ष असतो. त्यातील एखाद्या फोल्डरशी डिस्क जोडणे म्हणजे ‘माउंट’ करणे. जोडणी फसली की तो फोल्डर बहुधा रिकामा दिसतो. डिस्कवरील सामग्री मात्र सुरक्षित असू शकते. अशा रिकाम्या फोल्डरात नवी मुद्रणे भरू नयेत. ती मुख्य डिस्कवर जातात आणि पुढे जोडणी यशस्वी झाली की दिसेनाशी होतात.

संदेशाचे वाचन

लिनक्सचा एक नेहमीचा संदेश असा आशय सांगतो : फाइल-प्रणालीचा प्रकार चुकीचा, पर्याय चुकीचा, सुपरब्लॉक खराब, साहाय्यक प्रोग्राम नाही किंवा अन्य त्रुटी. हे विकल्पबोधक वाक्य आहे. ‘किंवा’ने जोडलेल्या शक्यतांपैकी एखादी खरी असेल, एवढेच त्यातून निष्पन्न होते. नवखा वाचक ‘खराब’ या शब्दापाशी थबकतो आणि डिस्क फॉर्मॅट करून बसतो. तेथे नुकसान बिघाडाने नव्हे, चुकीच्या वाचनाने होते.

तपासाचा क्रम

१. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नेलच्या नोंदी वाचाव्यात. वाचन-त्रुटी आढळल्यास डिस्कवर काहीही न लिहिता प्रथम तिची संपूर्ण प्रत काढावी.
२. ‘एलएसबीएलके’ने डिस्क दिसते का ते पाहावे. न दिसल्यास केबल व वीजपुरवठा तपासावा.
३. ‘बीएलकेआयडी’ने मिळणारा प्रकार व ओळखक्रमांक ‘एफएसटॅब’ फाइलमधील नोंदीशी ताडावा.
४. जोडणीचा फोल्डर अस्तित्वात आहे का ते पाहावे.
५. ‘एफएससीके’ ही दुरुस्ती सर्वांत शेवटी, प्रत हाती असताना आणि डिस्क जोडलेली नसतानाच करावी.

नाम आणि निर्देश

तिसऱ्या टप्प्यातील घोटाळा भाषाभ्यासकाच्या ओळखीचा आहे. ‘एसडीबी’ हे डिस्कचे नाव ‘दुसऱ्या बाकावरील विद्यार्थी’ या वर्णनासारखे असते. सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर ते दुसऱ्याच डिस्कला लागू शकते. ‘यूयूआयडी’ हा ओळखक्रमांक मात्र फाइल-प्रणालीबरोबरच राहतो. नव्याने फॉर्मॅट केले की तो सहसा बदलतो. म्हणून ‘एफएसटॅब’मध्ये तोच नोंदवावा.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. वरील संदेशातून निश्चित काय कळते आणि काय कळत नाही?
२. वर्णनात्मक निर्देश व स्थिर ओळख यांतील फरक आपल्या गावातील व्यक्तिनामांच्या आधारे स्पष्ट करा.