जुनी गाडी घेताय? बघायला जाताना इंजिन थंड हवं

खिशात ३ लाख असतील तर गाडी अडीचचीच बघा. टायर, बॅटरी, इन्शुरन्स, ट्रान्सफर यात बाकीचे जातातच.

चालवायला मजा हवी आणि ऑर्डरच्या दिवशी गाडी गॅरेजात नको, तर माझं मत १.२ पेट्रोल स्विफ्ट. पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. पुंटो चालवायला झकास (मलाही आवडते!), पण फियाटने इथे गाड्या विकणं बंद केलंय. पार्टची वाट बघत बसलात की तेवढे दिवस डिलिव्हरी बंद.

मालकाला आधीच सांगा, गाडी सुरू करून ठेवू नका. गरम इंजिनात बरंच लपतं. सुरू केल्यावर निळा धूर आला तर ऑइल जळतंय. मीटरचा आकडा सर्व्हिस रेकॉर्डशी जुळवा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ बघितल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. फॉर्म २९, ३० वर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली असं नाही. एम-परिवहन ॲपवर तुमचं नाव दिसेपर्यंत थोडी रक्कम बाकी ठेवा, आणि ते आधीच लिहून घ्या.