रिक्षाचे मीटर आणि सरळ रेषा

रेषेचे समीकरण मांडायला एक बिंदू आणि चढ पुरतो. मी ज्युनियर्सना रिक्षाचेच उदाहरण देतो. १ सप्टेंबर २०२२ पासून पिंपरी-चिंचवडला दर लागू झाला तो असा: पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये, पुढे दर किलोमीटरला १७. म्हणजे बिंदू (१.५, २५), चढ १७. अंतर क्ष, भाडे य धरू.

य − २५ = १७(क्ष − १.५)
∴ य = १७क्ष − ०.५

आता क्ष = ० ठेवा. भाडे उणे पन्नास पैसे! रिक्षावाला आपल्यालाच पैसे देणार की काय? छे! ही रेषा दीड किलोमीटरपासून पुढेच खरी. त्याच्या आत भाडे सरळ २५. म्हणून समीकरणाशेजारी क्ष ≥ १.५ लिहायचेच.

सहा किलोमीटरचे या दराने दिवसा १०१ रुपये ५० पैसे होतात. कोणी दीडशे सांगितले, तर हिशोब तोंडी करून दाखवा. दर बदलला की आकडे बदलतील, रीत तीच.