विज्ञान मालिकेतून समाजशास्त्राचा पाठ



विज्ञान मालिका म्हटलं की यान, यंत्रमानव आणि परग्रहवासी एवढंच डोळ्यांसमोर येतं. पण जे थेट बोलणं अवघड असतं, ते परग्रहावर नेऊन सांगता येतं.

उदाहरण : 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ साली सुरू झाली. तेव्हा तिथे कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा लढा पेटला होता. १९६९ च्या एका भागात दोन परग्रहवासी एकमेकांच्या जिवावर उठलेले आहेत. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. फरक एवढाच, की एकाची उजवी बाजू काळी, दुसऱ्याची डावी. या द्वेषात त्यांचा अख्खा ग्रह बेचिराख झालेला असतो.

वर्गात काय करावे? गोष्ट सांगून थांबा. मुलं हसतील, हसू द्या. मग विचारा, "आपल्याकडे असा फरक कोण करतं? कशावरून?" इथे रत्नागिरीचं पतितपावन मंदिर आठवून द्या. सर्व जातींना खुलं असलेलं हे मंदिर भागोजीशेठ कीर यांनी १९३१ साली उभारलं. तेव्हा इतर देवळांची दारं कोणाला बंद होती, हे मुलांनाच शोधू द्या.

पालकांनी घरी एवढंच करावे : मालिका संपली की विचारावे, "यातलं आपल्या गावात काय दिसतं?" उत्तर मात्र आपण देऊ नये.