पहिल्या संगणकाची जुळणी

विद्यार्थिमित्रहो, सुटे भाग आणून घरीं संगणक जुळवावयाचा असल्यास खरेदीपूर्वींच त्यांचा मेळ पाहावा. एएम-५ सॉकेटाच्या मदरबोर्डास डीडीआर-५ रॅमच लागते. डीडीआर-४ ची खांच निराळ्या जागीं असल्यानें ती बसतच नाहीं, आणि वडिलांचा पैसा मात्र अडकतो. कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटाच्या खुणेशीं जुळवून प्रोसेसर अलगद ठेवावा, दाबूं नये. सॉकेटांतील एक सूक्ष्म पिन वांकली तरी मदरबोर्ड निकामी होऊं शकतो. रॅम मात्र खटका ऐकूं येईपर्यंत निःशंक दाबावी. आमच्या हातून ती भीतभीत अर्धवट बसली, आणि पडदा काळाच राहिला! तथापि पहिल्या खेपेस मदरबोर्ड रॅमची पारख करीत असतां पडदा कांहीं मिनिटें काळा राहणें स्वाभाविक आहे. तेवढ्यानें घाबरून वीज बंद करूं नये.